आधी हात मागे

गणिताच्या बाईला लग्नाच्या पंगतीत शेजार मिळत नाही. ओळख करून दिली रे दिली की समोरचा माणूस म्हणतो, "बापरे, गणित? माझं नि त्याचं कधी जमलंच नाही हो," आणि पाणी प्यायच्या निमित्ताने उठतो तो परत येत नाही. आणि म्हणतो तेही कसं, तर हसत हसत, छातीवर बिल्ला लावल्यासारखं. "मला वाचता येत नाही" असं कुणी हसत सांगेल का? मला तरी अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि खरी गोम तिथेच आहे. ज्यांचं गणिताशी जमत नाही ती माणसं बहुतेक वेळा गणित वाचतच नाहीत. आणि ज्यांचं फार छान जमतं तीही वाचत नाहीत. हे शेवटचं वाक्य आज मी सहज लिहून गेले, पण ज्या दिवशी ते मला कळलं त्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत टेबलाची कड धरून उभी होते.

आमची शाळा घाटकोपरला, पश्चिमेला, टेकडीच्या अंगाला. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं, गिरण्यांचा संप मोडून पडला होता. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील कोकणातून येऊन गिरणीत लागलेले, आणि आता कुणी विक्रोळीत वॉचमन, कुणी आरे कॉलनीत गोठ्यावर, कुणी नुसतेच घरी बसलेले. मुलं पार्कसाइटच्या चाळींतून उतरून शाळेत यायची. मराठी माध्यम, दोन पाळ्या, एका बाकावर तिघं. मी दहावीला गणित शिकवायची आणि आवाजासाठी प्रसिद्ध होते. खालच्या मजल्यावरच्या वर्गांतही माझं गणित ऐकू जायचं म्हणे.

विजया तांबे ही त्या वर्षीची माझी सगळ्यात वेगवान मुलगी. दुसऱ्या बाकावर, खिडकीशी, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. मी फळ्यावर उदाहरण लिहीत असायची, आणि मी पूर्णविराम द्यायच्या आत मागून आवाज यायचा, "झालं बाई." वळून बघावं तर खरंच झालेलं असायचं. मला अभिमान वाटायचा तिचा, का नाही वाटणार? इन्स्पेक्शनला साहेब आले की मी तिलाच उभी करायची.

आणि तिला वेग हवाही होता. वडिलांची गिरणी बंद, ते कधी इथे कधी तिथे रोजावर. काका भांडुपच्या एका कारखान्यात फिटर. त्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिस होतं आणि तिथे ट्रेसर घ्यायचे. ट्रेसर म्हणजे इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेलं यंत्राचं चित्र पारदर्शक कागदावर शाईने बिनचूक उतरवून काढणारा माणूस. त्या वर्षी मुली घेणार अशी बातमी काकाने आणली होती. दहावीनंतर कारखान्याची आपली एक परीक्षा, त्यात गणित महत्त्वाचं. घरी ठरलं होतं, त्या परीक्षेत पास झाली तर विजया मुंबईत राहणार. नाही झाली तर आईबरोबर खेडकडच्या गावी जायचं, आजीआजोबांकडे. तिकडे गेल्यावर पुढचं शिक्षण नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

"बाई, मला गावाला भात लावायला नाही जायचंय," ती मला एकदा म्हणाली. रडत वगैरे नाही. आज डबा नाही आणलाय असं सांगावं तसं सांगितलं.

आता तो दिवस. सहामाही परीक्षा झाली होती. तेव्हा शाळेतले पेपर सायक्लोस्टाइल व्हायचे. क्लार्क स्टेन्सिलवर टाइप करायचा, शिपाई यंत्राचं हँडल फिरवायचा आणि शाईने ओलसर कागद बाहेर पडायचे. पेपर काढला होता आमच्या कुलकर्णी सरांनी. ते दुसऱ्या तुकडीला गणित शिकवायचे. भला माणूस, पण पेपर गाईडमधून उचलायचा. चौथ्या प्रश्नात उजळणी म्हणून काळ-काम-वेगाचं एक उदाहरण होतं. आता जरा लक्ष देऊन वाचा, कारण सगळी कथा इथेच आहे.

"एका कंत्राटदाराने एक काम २० दिवसांत पुरं करण्यासाठी १५ मजूर लावले. ८ दिवसांनंतर ५ मजूर काम सोडून गेले."

बस. एवढंच होतं पेपरात. पुढची ओळ स्टेन्सिलच्या तळाशी गेली आणि छापलीच गेली नाही. म्हणजे विचारलं काय होतं, तर काहीच नाही.

मी पेपर तपासत होते. तिसऱ्या की चौथ्या पेपराला, पायऱ्यांना किती गुण दिलेत ते बघायला मी प्रश्नपत्रिका उचलली आणि चौथा प्रश्न वाचला. परत वाचला. कागद उलटा करून मागे बघितलं. मागे काहीच नव्हतं, कोरा. मग मी गठ्ठ्यातले पेपर भराभर उलटायला लागले. सगळ्यांनी उदाहरण सोडवलं होतं. कुणाचं चुकलं होतं, कुणाचं बरोबर होतं, पण सोडवलं होतं सगळ्यांनी. आणि ज्यांचं बरोबर होतं त्यांचं सगळ्यांचं उत्तर एकच, "काम ६ दिवस उशिरा पुरं होईल."

अहो, या गोष्टीवरून निदान तीन प्रश्न विचारता येतात. उरलेल्या कामाला किती दिवस लागतील, अठरा. एकूण किती दिवस लागले, सव्वीस. उशीर किती झाला, सहा. यांतलं नेमकं काय विचारलंय हे कागदावर कुठेही नव्हतं, आणि वर्गातल्या एकाही मुलाला ते खटकलं नव्हतं. मी टेबलाची कड धरली ती तेव्हा.

कुलकर्णी सर समोर चहा पीत होते. त्यांचे त्यांच्या तुकडीचे सगळे पेपर तपासून झाले होते. मी प्रश्नपत्रिका त्यांच्यापुढे धरली. त्यांनी वाचली, चष्मा वर केला, परत वाचली.

"अरेच्चा, ओळ गेली की," ते म्हणाले. मग थोडा वेळ विचार करून म्हणाले, "पण मुलांनी उत्तर बरोबर दिलंय ना? मग जाऊ द्या."

मी प्रश्नपत्रिका घडी करून पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले ते हजेरीसुद्धा न घेता विचारलं, "चौथ्या प्रश्नात काय विचारलं होतं? विजया, सांग."

"किती दिवस उशीर होईल, बाई."

"कुठे विचारलंय? बोट ठेवून दाखव."

तिने पेपर काढला. बोट ओळीवरून फिरलं, ओळीच्या शेवटी आलं आणि खालच्या कोऱ्या जागेत जाऊन थांबलं. तिचे कान लाल झाले.

"बाई, मजूर सोडून गेले म्हटलं की उशीरच विचारतात," ती हळूच म्हणाली. आणि मग, जरा रागानेच, "पण उत्तर बरोबर आहे ना?"

कालचंच वाक्य. एक साठीला आलेला मास्तर आणि एक पंधरा वर्षांची पोर, दोघांच्या तोंडी तेच. मला चक्क भीती वाटली हो.

"आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही? आलं असेल तर विचारलं का नाही?" मी सगळ्यांना विचारलं.

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "बाई, परीक्षेत बोलायचं नसतं."

सगळे हसले. मीही हसले. ते वाक्य मी तिथेच सोडून दिलं.

त्या आठवड्यात मी वर्गाला एकच गोष्ट विचारत सुटले, तुम्ही उदाहरण सोडवता म्हणजे नक्की काय करता. मुलं बिचारी खरं सांगायला लागली आणि मी रोज हबकत गेले. "एकूण" दिसलं की बेरीज. "उरले" दिसलं की वजाबाकी. "प्रत्येकी" दिसलं की भागाकार. आकडे तीन असले की त्रैराशिक. एक मुलगी म्हणाली, "मी शेवटून वाचते बाई, पहिल्या ओळीत काही नसतं." आणखी एकजण म्हणाला, कुठल्या धड्याखालचं उदाहरण आहे ते कळलं की बस, आत काय लिहिलंय ते बघावं लागत नाही. आणि हे सगळं कुणी शिकवलं होतं, तर आम्हीच, इतकी वर्षं, मोठ्या आवाजात.

गणिताचा धंदा बाहेरच्यांना वाटतो तसा आकड्यांचा नाही. आकडे शेवटी येतात. शाब्दिक उदाहरण म्हणजे कुणीतरी तुम्हाला आपली अडचण सांगतोय. आधी ती नीट ऐकून घ्यायची, आपल्याला काय माहीत आहे आणि त्याला काय हवंय ते वेगळं करायचं, मग ठरवायचं की मी आता अमुक करणार आणि ते अमुक कारणासाठी करणार. त्यानंतर पेन. आमची पोरं माणूस तोंड उघडायच्या आत त्याच्या हातात औषधाची बाटली देत होती.

मग मी नियम काढला. उदाहरण फळ्यावर आलं की हात मागे. अक्षरशः मागे, पाठीशी, बोटं एकमेकांत अडकवून. पेन बाकावर आडवं. मी हुकूम द्यायची, "आधी हात मागे." मग एकाने उठून मोठ्याने वाचायचं. दुसऱ्याने पुस्तकात न बघता आपल्या भाषेत सांगायचं, कुणाचं काय अडलंय. तिसऱ्याने फळ्यावर चित्र काढायचं, कसलंही, पण मापाला धरून. चौथ्याने सांगायचं, मी आता काय करणार आणि का. "का" ला उत्तर आल्याशिवाय पेन उचलायचं नाही. आणि उत्तर आलं की त्याच्याकडे एकदा बघायचं, हे उत्तर शहाण्या माणसाचं वाटतं का.

हे शेवटचं तर फारच जड गेलं पोरांना. एकाने घाटकोपरहून मुलुंडला पायी जाणाऱ्या माणसाचा वेग काढला तो ताशी दोनशे सत्तर किलोमीटर. मी म्हटलं, "अरे, हा माणूस चालतोय ना?" तो शांतपणे म्हणाला, "घाईत असेल बाई." वर्गात हशा पिकला, आणि मला रडू की हसू कळेना.

विजयाला हा नियम मुळीच आवडला नाही. हात मागे गेले की तिची बोटं तिथेही हलत असायची, मला पाठीमागून दिसायची. "बाई, मला येतंय हो. कशाला उगाच?" चित्र काढायला तर ती वैतागायची. "चित्र लहान मुलं काढतात." मी म्हटलं, "तू कुठल्या नोकरीला निघालीयेस? चित्रांच्याच ना?" तेव्हा गप्प बसली, पण तोंड वाकडं ते वाकडंच.

आणि मग एक दिवस तिने वाचलं. हौद आणि नळांचं उदाहरण होतं. दोन नळ हौद भरतात, तिसरा रिकामा करतो, तिन्ही एकदम चालू आहेत. विजयाने मोठ्याने वाचलं, मध्येच थांबली आणि म्हणाली, "बाई, पण हे खालचा नळ बंद का नाही करत? आमच्या चाळीत असं कुणी केलं ना, बायका बादलीने मारतील." सगळा वर्ग हसला. मी नाही हसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या मुलीने उदाहरणातल्या माणसाकडे बघितलं होतं. मला इतका आनंद झाला की मी तिला खडू दिला आणि म्हटलं, "जा, काढ तुझा हौद."

पण आनंद महाग पडला. वाचायला लागल्यावर विजया संथ झाली. "झालं बाई" ऐकू येणं बंद झालं. पूर्वपरीक्षेत तिची दोन उदाहरणं वेळ संपला म्हणून राहून गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा पेपर अर्धवट होता आणि गुण एकदम खाली आले. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं.

"तुमचा पोर्शन मागे, मुलं हात मागे घेऊन बसलेली. शाळेचा निकाल कोण लावणार?" त्या म्हणाल्या. चुकीचं काय बोलल्या? मी नुसतं म्हटलं, "लागेल."

त्याच आठवड्यात विजयाची आई शाळेत आली. बारीक अंगाची, पदर खोचलेली, कामावरून थेट आलेली बाई. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"बाई, माझी पोर पळत होती," ती म्हणाली. "तुम्ही तिला चालायला शिकिवताय. भांडुपची परीक्षा घड्याळ लावून असते. तिथं ही चित्रं काढीत बसली तर तिला गावाला मलाच न्यायची हाय, तुम्हाला नाय."

ती म्हणत होती ते अगदी खरं होतं. प्रयोग माझा आणि किंमत तिच्या पोरीच्या खात्यावर. त्यानंतरच्या रविवारांना मी विजयाला घरी, पंतनगरला, बोलावून घ्यायला लागले. वाचायचं, पण झटपट वाचायचं. चित्र काढायचं, पण चार रेघांत. हळूहळू वेग आला. पहिल्यासारखा नाही आला, हे मी कबूल करते.

दहावीला ती चांगल्या गुणांनी पास झाली. पहिली नाही आली, पण चांगली आली. मग भांडुपची परीक्षा झाली आणि पंधरवड्याने कारखान्याच्या गेटवर यादी लागली. संध्याकाळी विजया माझ्या दारात उभी. चेहरा बघूनच मला कळलं.

"यादीत नाहीये बाई. खाली वेटिंग लिस्ट लावलीय, तिच्यात पहिलं नाव आहे माझं. पण काका म्हणतो वेटिंगमधलं कुणाला घेत नाहीत." मग म्हणाली, "आईने गावाचं बोलायला सुरुवात केलीय."

मी तिला आत घेतलं. पाणी दिलं. तिची आई मला डोळ्यांपुढे दिसत होती, पदर खोचलेली. "कुठलं उदाहरण राहिलं?" मी विचारलं.

"राहिलं काहीच नाही. वेळेत झालं सगळं. एकच मी सोडवलं नाही. म्हणजे सोडवलं, पण उत्तर नाही लिहिलं."

"कुठलं?"

"तिकोनी पत्रा होता. कडा बारा इंच, सात इंच, चार इंच. तिन्ही कडांना पट्टी लावायची आहे, तर एकूण किती लांब पट्टी लागेल."

"तेवीस," मी म्हटलं. "अगं, एवढं सोपं कसं सोडलंस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. उठली, दाराआड ठेवलेला खराटा घेतला, त्यातल्या तीन हिरा, म्हणजे काड्या, उपसल्या आणि माझ्या टेबलावरची फूटपट्टी घेऊन त्या मापाने मोडल्या. बारा इंचांची लादीवर आडवी ठेवली. एका टोकाला सात इंचांची, दुसऱ्या टोकाला चार इंचांची, आणि दोघी आत कलवल्या. कलवत कलवत त्या खालच्या हिरीवर पार आडव्या झाल्या, तरी त्यांची टोकं एकमेकींना लागली नाहीत. मध्ये एक इंचाची फट राहिली.

"असा पत्राच नसतो बाई," विजया म्हणाली. "मी चित्र काढलं तेव्हा कळलं. म्हणून मी तेच लिहिलं, असा पत्रा नसतो, मापं परत बघा."

मी त्या फटीकडे बघत बसले. हात मागे, हात मागे म्हणून मी सहा महिने घसा फोडला, आणि तीन आकडे कानांवर पडल्याबरोबर माझ्या तोंडून तेवीस बाहेर पडलं होतं. विचार करायला मध्ये क्षणही गेला नव्हता. मग धक्क्याची जागा रागाने घेतली. माझा राग त्या शाळेत सगळ्यांना माहीत होता, आता भांडुपला कळायचा होता.

"उद्या सकाळी नऊला तयार राहा," मी म्हटलं.

कारखान्याच्या गेटवर वॉचमनने अडवलं. मी शाळेतला आवाज काढला, त्याने सोडलं. ट्रेनिंगचं बघणारे राणे म्हणून एक साहेब होते. सुरुवात त्यांनी यंत्रांवरच केलेली असावी, एका बोटाचं पेर नव्हतं. टेबलावर स्टीलच्या पट्ट्या, पत्र्याचे तुकडे. माणूस सभ्य. आम्हाला बसवलं, पण चेहऱ्यावर लिहिलेलं होतं की रोज कुणीतरी येतं आणि रोज मी नाही म्हणतो.

"मला फक्त तो एक प्रश्न बघायचाय," मी म्हटलं.

त्यांनी खणातून पेपर काढला. "हा? अहो, हा तर सगळ्यात सोपा. सगळ्या पोरांनी बरोबर सोडवलाय. याचेच मार्क गेले म्हणून ही खाली आली. बारा नि सात एकोणीस, नि चार..." त्यांचं पेन समोरच्या कागदावर चालायला लागलंसुद्धा.

"साहेब, आधी हात मागे घ्या."

हे मी नाही म्हटलं. विजया म्हणाली. खुर्चीच्या कडेवर बसलेली ती पोर, जिची मुंबई त्या माणसाच्या हातात होती, ती त्याला वर्गातल्यासारखं सांगत होती. वाटलं, गेलं, सगळं गेलं.

राणे साहेबांनी मान वर केली. "काय?"

"पेन खाली ठेवा आणि हात मागे घ्या ना," ती म्हणाली. "मग मोठ्याने वाचा. आमच्या शाळेत असंच करतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय बघणार होते, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मग खुर्ची करकरली. त्यांनी पेन ठेवलं होतं, आणि देवाशपथ सांगते, दोन्ही हात पाठीमागे घेतले होते. ते वाचायला लागले, "एका तिकोनी पत्र्याच्या कडा अनुक्रमे बारा इंच, सात इंच आणि चार..."

तिथे थांबले. ओठ नुसतेच हलले. नजर टेबलावरच्या स्टीलच्या पट्टीकडे गेली, तिथून पत्र्याच्या तुकड्याकडे, आणि परत कागदाकडे. जन्मभर पत्रा कापलेला माणूस तो, त्याला खराट्याच्या हिरा लागल्या नाहीत.

"च्यायला," ते हळूच म्हणाले. मग, "माफ करा हं बाई." आणि हात अजून मागेच. "हा पेपर मी काढलाय. शंभर पोरांनी तेवीस लिहिलं. मी त्यांना मार्क दिले. खाली वर्कशॉपमध्ये मी रोज ओरडतो, ड्रॉइंग न वाचता पत्रा कापता म्हणून."

मग ते विजयाकडे वळले. चिडले होते, पण तिच्यावर नाही. "अगं, पण मग तू तिथल्या तिथे का नाही विचारलंस? माझा माणूस होता ना हॉलमध्ये. मी लगेच मापं सुधारून दिली असती."

"विचारलं होतं साहेब," विजया म्हणाली. "हात वर केला होता. ते म्हणाले, परीक्षेत बोलायचं नसतं."

ते वाक्य राणे साहेबांना लागलं त्याहून जास्त मला लागलं. मागच्या बाकावरून आलेलं ते वाक्य, ज्याला मी वर्गाबरोबर हसले होते. सहा महिने मी पोरांना शिकवत होते, वाचा, थांबा, शंका घ्या, विचारा. आणि वर्षातून दोनदा, पेपर वाटण्याआधी, मीच दारात उभी राहून माझ्या त्या प्रसिद्ध आवाजात सांगत होते, "आता कुणी एक अक्षर बोलायचं नाही." चाळीस पोरं प्रश्न नसलेला प्रश्न निमूट सोडवून मोकळी झाली होती, ती काही उगाच नाही. ज्या एका पोरीने हात वर करायचं धाडस केलं, तिलाही दुसऱ्या कुणी माझंच वाक्य ऐकवलं होतं.

तो प्रश्न रद्द झाला, सगळ्यांचे त्याचे मार्क वजा झाले आणि यादी नवीन लागली. विजया तिच्यात होती. गावी ती गेली नाही. ट्रेसर म्हणून लागली, पुढे त्याच कारखान्यात ड्राफ्ट्समन झाली. तिची आई शाळेत परत आली ती पेढे घेऊन, आणि या वेळीही बसली नाही. "आता पळू दे बाई तिला," एवढंच म्हणाली आणि कामाला निघून गेली.

पुढच्या सहामाहीला सुपरव्हिजन माझ्याकडेच आलं. नवा वर्ग, नवी पोरं. पेपर वाटून झाले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, ते नेहमीचं वाक्य आता येणार म्हणून. मी म्हटलं, "पेपर आधी पूर्ण वाचा. कुठला प्रश्न चुकीचा वाटला, अपुरा वाटला, तर हात वर करा आणि विचारा."

कुणी हललं नाही. पेपरात कुठे काही फसवाफसवी असावी तशी पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला, अर्धाच, कानापर्यंत.

"बाई," ती म्हणाली, "खरंच विचारायचं?"